डावीकडे आधी बघा

कैरोत नाईलच्या काठाने एक मोठा रस्ता जातो, त्याला तिथे कोर्निश म्हणतात. २००६च्या डिसेंबरात, संध्याकाळी पाचच्या सुमारास, माझ्या ग्रुपमधल्या एक काकू त्या रस्त्याच्या फुटपाथवरून खाली उतरल्या. उतरण्याआधी त्यांनी उजवीकडे नीट पाहिलं. सगळी हयात पुण्यात रस्ते ओलांडलेलं माणूस पाहील तसंच पाहिलं. उजवीकडून काही येत नव्हतं, म्हणून पाऊल टाकलं. इजिप्तमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे फुटपाथवरून उतरणाऱ्याच्या अंगावर पहिली गाडी येते ती डावीकडून. एका पांढऱ्या मायक्रोबसचा आरसा काकूंच्या खांद्याला घासून गेला, पर्सचा पट्टा तुटला आणि त्या हातावर आपटल्या.

मी दहा-बारा पावलं मागे होते. मी पोहोचेपर्यंत चहाच्या टपरीवरच्या माणसाने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. एका बाईने आपला रुमाल ओला करून काकूंच्या कपाळावर धरला होता. आजूबाजूचे सगळे 'मालेश, मालेश' म्हणत होते, म्हणजे असू दे, होतं असं. काकूंचं मनगट डोळ्यांदेखत सुजत चाललं होतं आणि त्या मला एकच सांगत होत्या, "अगं, मी बघितलं होतं गं. बघूनच उतरले मी."

ते खरंच होतं. त्यांनी बघितलं होतं.

हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात प्लास्टर घालून होईपर्यंत रात्रीचे दहा वाजले. विम्याचा कागद काकूंच्या बॅगेत, बॅग हॉटेलच्या खोलीत आणि खोलीची किल्ली काकांकडे, अशी धावपळ झाली ती वेगळीच. पण मला त्या रात्री झोप लागली नाही त्याचं कारण दुसरं होतं. त्याच दिवशी सकाळी बसमध्ये मंडळींनी विचारलं म्हणून मी चांगली पंधरा मिनिटं सुरक्षिततेवर बोलले होते. १९९७च्या नोव्हेंबरात लक्सरजवळच्या हातशेपसुतच्या मंदिरात दहशतवाद्यांनी ६२ जणांना मारलं, त्यानंतर सरकारने पर्यटकांसाठी बंदोबस्त कसा वाढवला, हॉटेलच्या दारात मेटल डिटेक्टर का असतो, आपल्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेला कोटवाला माणूस कोण आहे, सगळं सांगितलं होतं. गाड्या डावीकडून येतात हे सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, मी स्वतः डावीकडे बघतच रस्ता ओलांडत होते. पण सुरक्षिततेबद्दल बोलायचं म्हटल्यावर ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

मी टूर मॅनेजर आहे. इतकी वर्षं मराठी मंडळींना इजिप्तला घेऊन जाते आहे. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, मुलं अमेरिकेत किंवा बंगळूरला, पिरॅमिड बघायचे म्हणून कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकलेले. त्या संध्याकाळनंतर माझ्या कामाची घडीच बदलली. बसमध्ये माइक हातात घेतला की माझं पहिलं वाक्य असतं, "डावीकडे आधी बघा." इतिहास, पैसे, जेवण सगळं त्याच्यानंतर.

कैरोत रस्ता ओलांडणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे. सिग्नल आहेत, झेब्रा पट्टे काही ठिकाणी आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी नसतं. मला हे आमच्या बसच्या ड्रायव्हरने शिकवलं. तिथे ड्रायव्हरला हाक मारताना 'या उस्ता' म्हणतात. हा उस्ता म्हणजे आपला उस्तादच, कसबी माणूस. तर या उस्तांनी मला ताहरीर चौकाजवळ उभं केलं आणि म्हणाले, तिथल्या एखाद्या बाईच्या शेजारी उभी राहा, गाड्या ज्या बाजूने येतात त्याच्या पलीकडच्या बाजूला. ती चालली की चालायचं. वेग एकसारखा ठेवायचा. मध्येच थबकायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही. गाडीवाला तुमचं पुढचं पाऊल कुठे पडणार याचा अंदाज बांधून स्टिअरिंग वळवत असतो. तुम्ही बिचकून मागे आलात की त्याचा अंदाज चुकतो. आपल्याकडचे लोक घाबरले की धावतात आणि अर्ध्यातून परततात, दोन्ही तिथे घातक. रात्री तर आणखी जपावं लागतं, कारण शहरात दिवे न लावता गाडी हाकणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

तो कोटवाला माणूस मात्र सांगण्यासारखा आहे. पर्यटन पोलिसांचा साध्या वेशातला शिपाई असायचा तो, भर उन्हातही कोट घातलेला, कारण कोटाखाली आखूड बंदूक. पहिल्या दिवशी ती दिसली की बस गप्प व्हायची. काही जणांना धीर यायचा, काहींच्या पोटात गोळा. पण मला आठवतं ते वेगळंच. एकदा म्युझियमसमोर आमच्या ७८ वर्षांच्या एका आजींना पलीकडे जायचं होतं आणि गाड्यांची रांग तुटेना. तेव्हा हा गडी रस्त्यात उतरला, बंदुकीला हातही न लावता नुसता पंजा उंच करून उभा राहिला आणि आजींना कोपराला धरून पलीकडे नेऊन सोडलं. त्या सबंध सहलीत त्याने आमचं जे रक्षण केलं ते एवढंच, आणि ते फार मोठं होतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. इजिप्तमध्ये दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भाज्यांचे भाव अरबी आकड्यांत असतात. आपण मराठी माणसं देवनागरी आकडे लहानपणापासून वाचतो, म्हणून आपला घोटाळा इतरांपेक्षा जास्त होतो. त्यांचा पाच हा हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. म्हणजे पन्नास लिहिलेलं असेल तर आपल्याला दिसतं शून्य आणि पुढे शाईचा डाग. त्यांचा सहा इंग्रजी सातासारखा, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा. विमानतळावरून हॉटेलला जाताना मी पुढच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायला लावते. सगळे शाळेतल्यासारखे ओरडतात आणि हॉटेल येईपर्यंत बरेच जण तयार झालेले असतात. टॅक्सीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून नवऱ्याला नाहीतर मैत्रिणीला पाठवा असं सांगायचं असेल, तर तो नंबर वाचता यायला हवा. नाहीतर फोटो काढूनही हाती काही लागत नाही.

पैशांचंही त्यातच येतं. तिथला पौंड म्हणजे १०० पियास्तर, आणि ५० पौंडांची नोट असते तशी ५० पियास्तरांचीही. टॅक्सीवाल्याला तुम्ही ५० पौंड देता, तो हात खाली नेतो आणि ५० पियास्तरांची नोट वर धरून म्हणतो, हे बघा, तुम्ही चुकून हे दिलंत. नोटेच्या एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी आकडे असतात. इंग्रजी बाजू वर ठेवून, आकडा तोंडाने म्हणत नोट द्यायची, एवढी सवय लावली की हा प्रकार होत नाही. मी स्वतः आता रस्त्यात हात करून टॅक्सी थांबवत नाही, मोबाइलवरून उबर मागवते. भाडं आधी दिसतं, गाडी कुठे चालली तेही दिसतं आणि हुज्जत होत नाही.

आता गिझा. पिरॅमिडपाशी गेलं की सगळ्यांचा जीव थाऱ्यावर नसतो, आणि ते साहजिकच आहे. पुस्तकात पाहिलेली गोष्ट समोर १३८ मीटर उंच उभी असते. माणूस वर बघत चालतो, आणि वर बघत चालणाऱ्या माणसाची वाट पाहत तिथे उंटवाले उभे असतात.

आमच्या एका काकांची गोष्ट सांगते. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के, कोणाला फसायचे नाहीत. एका तरुण मुलाने येऊन त्यांच्या डोक्याला लाल-पांढरा रुमाल बांधला. "गिफ्ट, नो मनी." काका हसले. मग म्हणाला, उंटासोबत फोटो काढा, फुकट. मग म्हणाला, एक क्षण वर बसा, फोटो चांगला येईल. काका बसले. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. काकांनी दोन्ही हातांनी खोगीर धरलं आणि त्यांचा फोन खाली वाळूत पडला. मुलाने तो उचलून स्वतःच्या खिशात ठेवला आणि उंटाची दोरी धरून चालायला लागला. टेकाडापलीकडे गेल्यावर म्हणाला, उतरायचे ५० डॉलर. बसायला फुकट, उतरायला पैसे. दोन-अडीच मीटर उंचीवरून ७० वर्षांचा माणूस उडी कशी मारणार? आणि फोन त्याच्या खिशात.

आमच्या गाईडना मी हाक मारली. ते मोठे शांत गृहस्थ, इजिप्तच्या इतिहासात पदवी घेतलेले. ते सावकाश चालत गेले, मुलाला सलाम केला, घरची चौकशी केली, मग दोन वाक्यं हळू आवाजात बोलले. उंट खाली बसला. रीतसर फेरीचे जे होतात तेवढे पैसे दिले, फोन परत आला. परतताना काकांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "ताई, मला नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. मी तीन वेळा नको म्हटलं."

हे मी फार वेळा ऐकलं आहे, आणि त्यामागे आपली घरची रीत आहे असं मला वाटतं. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. यजमानाने आग्रह करायचा, पुन्हा नको, पुन्हा आग्रह, मग ताटात जिलबी. आपला नको मऊ असतो, हसत म्हटलेला, थांबून म्हटलेला. गिझाच्या उंटवाल्याला तो नको आग्रहाचं आमंत्रण वाटतो. म्हणून मी मंडळींना दोनच शब्द पाठ करून घेते, 'ला, शुक्रन'. नाही, धन्यवाद. म्हणताना उजवा हात छातीवर ठेवायचा, म्हणजे अपमान होत नाही. चालणं थांबवायचं नाही. हातात किंवा डोक्यावर काही ठेवू द्यायचं नाही. आणि उंटावर बसायचंच असेल, कारण बसायची हौस मलाही कळते, तर गाईडसमोर भाव ठरवून, चढणं आणि उतरणं दोन्ही त्यात धरून.

'बक्षीश' हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर येतो. तो आपलाच बक्षीस, फक्त आपल्याकडे ते शाळेत पहिला नंबर आल्यावर मिळतं आणि तिथे दार उघडण्यापासून बॅग उचलण्यापर्यंत कशालाही. त्याचा राग धरू नये. मंडळींना मी लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवायला सांगते. भर गर्दीत जाडजूड पाकीट उघडण्याची वेळच येता कामा नये.

त्या उंटवाल्यांचाही राग करणं सोपं आहे. २०११च्या क्रांतीनंतर पर्यटक येईनासे झाले तेव्हा गिझाच्या घोड्यांना चारा मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा त्या घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. रिकाम्या मैदानात एक म्हातारा उंटवाला आमच्या बसमागे कितीतरी अंतर धावत आला. ग्रुपमध्ये सगळे मिळून ११ जण होते. मी स्वतः त्याच्या उंटावर बसले, भाव केला नाही.

पिरॅमिडच्या आत जाण्याबद्दल थोडंसं. आतली वाट जेमतेम सव्वा मीटर उंच आणि चांगली चढाची आहे. वाकून चढायचं, हवा कोंदट, आणि समोरून उतरणारे लोक अंगाला घासत येतात. दमा, हृदयाचा त्रास, गुडघे, बंद जागेची भीती, यातलं काही असेल तर बाहेर बसून पिरॅमिड बघावा. मी हे निघण्याआधीच्या बैठकीतही सांगते आणि दारातही. दारात पुन्हा सांगावं लागतं, कारण तिथवर आल्यावर कोणालाच मागे राहायचं नसतं. खाण्यापिण्यातही जपायचं: पाण्याच्या बाटलीचं झाकण फोडताना आवाज आला पाहिजे, कच्चं सॅलड आणि बर्फ टाळायचा. डाळ, तांदूळ, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा यांची कोशरी मात्र गरमागरम मिळते, ती खुशाल खावी. आपल्या मंडळींना ती पहिल्या घासात आवडते.

बायकांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. २०१३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या पाहणीत इजिप्तच्या ९९.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी छेडछाड सोसल्याचं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्यावर शिक्षेची तरतूद कायद्यात आली. हा आकडा मी बसमध्ये सांगते तेव्हा काही काका अस्वस्थ होतात, त्यांना वाटतं मी बायकांना घाबरवते आहे. पण माझ्या ग्रुपमध्ये आईवडिलांबरोबर आलेल्या मुली असतात, सुना असतात. त्यांना न सांगता नेणं मला पटत नाही.

खान अल-खलीलीच्या बाजारात, जिथे १३८२च्या सुमारापासून दुकानं लागत आली आहेत, तिथल्या एका चिंचोळ्या गल्लीत आमच्याबरोबरच्या २२ वर्षांच्या मुलीला गर्दीत एकाने हात लावला. ती जागीच गोठली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात शेजारी ओढण्या विकत बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की सबंध गल्ली वळली, "एब अलेक!" एब म्हणजे आपला ऐबच. लाज नाही वाटत तुला, असा त्याचा भाव. चार दुकानदार बाहेर आले, तो माणूस गर्दीत पळाला. म्हातारीने मुलीला आपल्या स्टुलावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून अरबीत बरंच काही बोलली. मला कळलं एवढंच, की ती मला सांगत होती, हिला ओरडायला शिकव.

तेव्हापासून मी बसमधल्या प्रत्येक बाईकडून 'एब अलेक' तीन वेळा मोठ्याने म्हणवून घेते. सुरुवातीला सगळ्या लाजतात. तिसऱ्या वेळी बसच्या काचा हादरतात. कैरोची मेट्रो १९८७पासून धावते आहे. तिच्यात मधले डबे बायकांसाठी राखीव असतात, आम्ही बायका त्यातच चढतो. टॅक्सीत मागच्या सीटवर बसायचं, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बाजारात एकटीने शिरायचं नाही. यातलं काहीही पाळलं नाही म्हणून कोणी हात लावला, तरी चूक हात लावणाऱ्याची, हेही मी प्रत्येक वेळी सांगते.

त्याच बाजारात आमचे एक आजोबा हरवले होते. ७६ वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त, कानाला यंत्र. मी डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. माझ्या पोटात जे झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. २००९च्या फेब्रुवारीत याच बाजारासमोरच्या हुसेन मशिदीच्या चौकात स्फोट होऊन एक फ्रेंच मुलगी गेली होती, आणि त्या क्षणी मला नेमकं तेच आठवत होतं. मी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, गाईड पोलिस चौकीकडे गेले. ४० मिनिटांनी माझा फोन वाजला. हॉटेलचा रिसेप्शनिस्ट म्हणाला, तुमचे एक गृहस्थ पितळेच्या दिव्यांच्या दुकानात बसले आहेत.

मी पोहोचले तेव्हा आजोबा पुदिन्याचा चहा पीत होते. दुकानदार त्यांना मोबाइलवर अमिताभचं गाणं दाखवत होता. कैरोत तुम्ही हिंदी म्हणजे भारतीय आहात हे कळलं की पुढचा शब्द अमिताभ बच्चन हाच येतो. मी विचारलं, आजोबा, घाबरला नाहीत? ते म्हणाले, "तूच सांगितलं होतंस ना, चुकलात तर हलायचं नाही. ग्रुप दिसेना झाला तेव्हा मी याच दुकानासमोर होतो. उभा राहिलो. मग खिशातलं कार्ड याला दिलं." ते हॉटेलचं अरबीत पत्ता छापलेलं कार्ड. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात ते स्वतःच्या हाताने घालते, पाठीमागे माझा नंबर आणि पर्यटन पोलिसांचा १२६ लिहून. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

२०११च्या जानेवारीबद्दल लोक मला अजून विचारतात. आम्ही २६ जण होतो. २५ तारखेला ताहरीर चौकात सरकारविरुद्ध लोक जमले तेव्हा आम्ही वाटेत होतो, २७ला पिरॅमिड पाहून झाले. २८ला शुक्रवार. सकाळी उठले तर मोबाइल बंद, इंटरनेट बंद. हॉटेलच्या टेबलावरचा साधा फोन तेवढा चालू होता. त्यावर गाईडचा फोन आला, "आज शहरात जायचं नाही. दुपारच्या नमाजनंतर मोर्चे निघतील." कार्यक्रमात म्युझियम होतं. १९०२ सालची ती गुलाबी इमारत ताहरीर चौकालाच लागून आहे. मंडळींपैकी तिघेचौघे नाराज झाले, एवढ्या लांब येऊन तुतनखामेन न बघता परतायचं म्हणून. मी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला.

संध्याकाळी टीव्हीवर म्युझियमशेजारची सत्ताधारी पक्षाची इमारत जळताना दिसली. रात्री संचारबंदी लागली, रणगाडे आले, पोलिस रस्त्यांवरून नाहीसे झाले. दुसऱ्या रात्री आमच्या हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी वीस-पंचवीस तरुण काठ्या, लोखंडी नळ्या आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन उभे राहिले. खिडकीतून ते पाहून आमच्या मंडळींची दातखीळ बसली. सगळ्यांना वाटलं, आता हे वर येणार. आमचे उस्ता घरी जाऊ शकले नव्हते, बसमध्येच झोपत होते. मी त्यांना बरोबर घेऊन खाली गेले. ते म्हणाले, ही आपलीच पोरं आहेत. पोलिस गेले, लुटारू फिरत आहेत म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यात पोरांनी पहारे बसवले होते. ते हॉटेलही राखत होते. म्हणजे आम्हालाच राखत होते.

वर येऊन मी हे सांगितलं तेव्हा नाशिकच्या एका आजींनी बॅग उघडली आणि चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला. मग भडंग निघालं, लाडू निघाले. शेकोटीभोवती बसून त्या पोरांनी चकल्या खाल्ल्या. पहाटे त्यांच्यातल्या एकाने बेकरीतून गरम भाकऱ्यांची चवड आणून दिली. तिथे रोजच्या भाकरीला 'ऐश' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ जगणं.

चौथ्या दिवशी रात्रीची संचारबंदी उठल्या उठल्या आम्ही निघालो. विमानतळापर्यंत ठिकठिकाणी नाकी होती, काही सैन्याची, बरीचशी अशाच पोरांची. प्रत्येक ठिकाणी उस्ता काच खाली करून म्हणायचे, "हिंदी. म्हातारी माणसं आहेत." एअर इंडियाने खास विमानं पाठवली होती, त्यातल्या एकात दुसऱ्या दिवशी जागा मिळाली. त्या दिवसांत मला उपयोगी पडलं ते काय? पासपोर्ट नंबरांची कागदावरची यादी. प्रत्येकाकडे पाच दिवस जास्तीच्या गोळ्या. लहान नोटांमधले डॉलर. आणि आपल्या घरचे सोडून आमच्याबरोबर थांबलेला तो ड्रायव्हर.

एक क्रांती आमच्या दारावरून गेली आणि २६ जणांपैकी कोणाला साधं खरचटलंही नाही. शांत संध्याकाळी, सूर्य मावळताना, नाईलकाठी काकूंचं मनगट मोडलं होतं.

इजिप्तचे ग्रुप आता पुन्हा भरायला लागले आहेत. गिझाजवळचं मोठं नवं म्युझियम २०२५च्या नोव्हेंबरात रीतसर सुरू झालं, तुतनखामेनचा सगळा खजिना तिथे एका जागी आहे, त्यामुळे पूर्वी जाऊन आलेलेही परत विचारतात. निघण्याआधी पुण्यातल्या एका हॉलमध्ये आमची बैठक होते. पहिला प्रश्न अजून तोच असतो, "ताई, तिकडे सेफ आहे ना?" मी फळ्यावर काही लिहीत नाही. खुर्च्या बाजूला सरकवायला सांगते, हॉलच्या मधोमध खडूने दोन रेघा ओढते आणि सगळ्यांना एका रेघेवर उभं करते. हा फुटपाथ, हा रस्ता. आता उतरायचंय.

परवाच्या बैठकीत टोकाला ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, हातात काठी. मी "चला" म्हटलं. त्यांची मान सवयीने उजवीकडे वळली. मग त्या थांबल्या, पाय रेघेवरच ठेवला, सावकाश मान डावीकडे नेली, आणि शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरून म्हणाल्या, "थांबा हो, एक गाडी येतेय."